जखमी कोंबडीची शुश्रूषा : एक जीवनपाठ

(शिक्षक संमेलनातील व्याख्यान)

‘प्राणिमात्रांवर दया करावी’ हे वाक्य प्राथमिक शाळेत फार जुने आहे. ते फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले जाते, मुलांकडून गिरवून घेतले जाते आणि परीक्षेत विचारलेही जाते. परंतु खरोखरीचा जखमी जीव शाळेच्या दारात आला, तर त्याचे काय करावयाचे, हे त्या वाक्यात कोठेच सांगितलेले नसते. दया ही भावना आहे. शुश्रूषा ही कृती आहे, आणि कृतीला ज्ञान लागते. ज्ञानावाचून केलेली दया कित्येकदा मूळच्या जखमेहून अधिक घातक ठरते. ही गोष्ट मुलांना व्याख्यानाने पटत नाही, एका साध्या कोंबडीने पटते. ती कशी, हे एका उदाहरणाने पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी पुणतांब्याच्या शिवारातील एखादी लहान शाळा डोळ्यांसमोर आणावी. पुणतांबे हे गोदावरीच्या काठचे जुने गाव. चांगदेव महाराजांची समाधी येथे आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीला जाणारा फाटा येथूनच फुटतो. आणि १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाकही प्रथम याच गावातून उठली. भोवतालचा मुलूख उसाचा. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि त्या कोप्यांतून काही मुले शाळेच्या पटावर चढतात. या कुटुंबांच्या गाठीला फारसे काही नसते. एखादी शेळी, दोनचार कोंबड्या, एवढेच त्यांचे पशुधन. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते. मोठ्या शेतकऱ्याच्या हिशेबात ही रक्कम दिसणारही नाही. परंतु कोपीत राहणाऱ्या बाईच्या हाती मुकादमाच्या उचलीखेरीज जो काही पैसा येतो, त्यात या अंड्यांचा वाटा असतो.

अशा शाळेत माघ महिन्यातील एका सकाळी तिसरीतील एक मुलगी उशिरा आली. टोळीबरोबर आलेली ही मुलगी आठवड्यातून दोन दिवस येई, वर्गात बोलत नसे, आणि वाचनात मागे होती. त्या दिवशी तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली कोंबडी होती.

“गुरुजी, कुत्र्यानं धरली व्हती,” एवढेच ती बोलली.

गुरुजींनी कोंबडीकडे पाहण्यापूर्वी मुलीकडे पाहिले. “बाळ, कुत्रा तुला चावला नाही ना? ओरखडा वगैरे?” प्रत्येक शिक्षकाने हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. कुत्र्याच्या लाळेतून रेबीज होतो आणि एकदा लक्षणे उमटली की त्यावर उपाय उरत नाही. मुलाला चावा वा ओरखडा असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याला त्याच दिवशी लस देण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कोंबडीचे नंतर पाहता येईल. मुलीच्या अंगावर खरचटलेलेही नव्हते. तथापि कोंबडीच्या पिसांवर कुत्र्याची लाळ होतीच. म्हणून गुरुजींनी हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढविल्या आणि मुलीला साबणाने हात धुवावयास पाठविले.

तोवर भोवती मुलांचा गराडा पडला होता. एकाने हळद आणावयास धाव घेतली. दुसऱ्याने सांगितले, की त्याचा आजा जखमेवर रॉकेल ओततो. पाचवीतील एका मुलाने वाटीत पाणी आणून कोंबडीची चोच उघडली आणि तो ते आत ओतू लागला. गुरुजींनी त्याचा हात धरला. पोराच्या मनात दया होती, यात शंका नाही. पण आणखी एक घोट आत गेला असता, तर कोंबडी त्या दयेनेच मेली असती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी असते. चोच उघडून पाणी ओतले, की ते सरळ श्वासमार्गात उतरते. कोंबडी पाणी कसे पिते, हे प्रत्येक मुलाने शेकडो वेळा पाहिलेले असते; चोच बुडवावयाची, मान वर करावयाची आणि पाणी घशाखाली जाऊ द्यावयाचे. पाहिलेले असते, पण निरखलेले नसते. अशक्त कोंबडीला पाणी द्यावयाचे तर बोट ओले करून चोचीच्या टोकाशी एक थेंब लावावा आणि तिला तो स्वतः गिळू द्यावा. ती गिळत नसेल तर थांबावे.

धरण्याचीही एक रीत आहे. माणसाप्रमाणे कोंबडीला श्वासपटल नसते. छातीचा पिंजरा पुढेमागे हलल्यानेच तिच्या शरीरातील वायुकोशांत हवा खेळते. घाबरलेले मूल तिला छातीशी घट्ट आवळते, तेव्हा ते नकळत तिचा श्वास कोंडत असते. पंख अंगाशी मिटवून, खालून आधार देऊन, छाती मोकळी ठेवून धरावे. तिचे अंग हाताला ऊन लागले म्हणून ताप आहे, असेही समजू नये. निरोगी कोंबडीचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, माणसाचे ३७.

गुरुजींनी प्रथम काय केले? त्यांनी मुलांना दूर बसविले आणि कोंबडीला शाळेच्या कोपऱ्यात, कोरडे गवत अंथरून, डालग्याखाली ठेवले. वर फडके टाकून अंधार केला. जखमी पक्ष्याला पहिला उपचार लागतो तो शांततेचा. भीतीचा धक्का हाही एक आजारच होय. वरवर किरकोळ दिसणाऱ्या जखमेनेही पक्षी तासाभरात मान टाकतो, तो पुष्कळदा या धक्क्याने. थंडी असेल तर ऊब द्यावी, उन्हाळा असेल तर वारा लागेल अशी सावली द्यावी. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, तेव्हा तिला उकडत असते.

अर्ध्या तासाने जखम पाहिली. पाठीवरची कातडी शेपटीकडे तीन बोटे फाटलेली होती, आणि पंखाखाली दातांची दोन भोके होती. रक्त पाझरत होते, त्यावर स्वच्छ कापड ठेवून पाच मिनिटे सतत दाबून धरले. मुलांनी तीनशेपर्यंत अंक मोजले. मधूनमधून कापड उचलून ‘थांबले का’ म्हणून पाहिले, की धरलेली खपली सुटते. हा मोह आवरावा लागतो. मग भोवतालची पिसे उपटून न काढता कात्रीने कापली. एक लिटर पाणी उकळून गार केले, त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेला दीड छोटा चमचा, घातले आणि त्या पाण्याने जखम धुतली. हळदीची पूड मात्र जखमेत ठासू दिली नाही. हळदीला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु पुडीचा थर बसला, की घाण आत राहते आणि जखम भरते आहे की चिघळते आहे, हे दिसेनासे होते. रॉकेल, चुना, तंबाखू, राख यांनी तर कोवळे मांस जळते. दवाखान्यात मिळणारे पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावले, तर ते पुरेसे होते.

पंखाखालची दोन भोके लहान दिसत होती. खरा धोका तेथेच होता. कुत्र्याचा दात खोल जातो आणि आत घाण सोडून बाहेर येतो. वरची कातडी मिटते आणि आत पू धरतो. अशा जखमेला घरगुती उपाय पुरत नाही. म्हणून मधल्या सुटीत गुरुजींनी कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठविली. तेथे औषध मिळाले, आणि ते चालू असता व त्यापुढे ठराविक दिवस तिचे अंडे खाऊ नये, अशी ताकीदही मिळाली. माणसांच्या गोळ्या अंदाजाने ठेचून कोंबडीला कधीही घालू नयेत.

हाड मोडलेले असते तर काय करावे लागले असते, हेही सांगणे अवश्य आहे. पंख लोंबत असेल, तर तो नैसर्गिक घडीत मिटवून मऊ पट्टीने अंगाशी बांधावा. पट्टी छातीवर आवळू नये. नडगी मोडली असेल, तर कापसाच्या घडीवर बांबूच्या दोन हलक्या कामट्या लावाव्यात आणि बोटे गार पडत नाहीत ना, हे रोज पाहावे. पक्ष्याचे हाड लवकर सांधते. साधारण तीन आठवड्यांत पट्टी निघते. मात्र पंखाचे वरचे हाड पोकळ असून ते वायुकोशांना जोडलेले असते. ते मोडून कातडीबाहेर आले असेल, तर त्या जखमेवर पाणी ओतू नये. ते श्वासमार्गात शिरू शकते. अशा वेळी कोरडे कापड झाकून थेट दवाखाना गाठावा.

आता शुश्रूषेच्या दिवसांकडे वळू. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळा भरण्यापूर्वीच येऊन बसली होती. आईबाप पहाटेच फडात गेलेले. म्हणून धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली होती. गुरुजींनी भावाला बालवाडीच्या मुलांत बसविले आणि तिच्या हाती एक वही दिली. वहीत रोज चार गोष्टी लिहावयाच्या होत्या : कोंबडीने पाणी किती वेळा घेतले, काय खाल्ले, विष्ठा कशी होती आणि जखम कशी दिसली. मुलीने पहिल्या पानावर लिहिले, ‘आज तिनं पानी पेलं.’ वर्षभरात तिने स्वतःहून लिहिलेले ते पहिले पूर्ण वाक्य. गुरुजींनी त्यावर लाल शाई चालविली नाही. खाली स्वच्छ अक्षरात ‘आज तिने पाणी प्याले’ असे लिहिले आणि पान उलटले. चार दिवसांनी तिने आपणहून खालचे वाक्य उतरविले.

कोंबडीच्या मानेखाली अन्नाची पिशवी असते. संध्याकाळी दाणे टिपून झाल्यावर ती भरलेली लागते आणि सकाळी रिकामी लागते. सकाळीही ती टणक वा पाण्याने थुलथुलीत लागली, तर पचन बिघडले असे समजावे. मुलांनी बोटांनी हळुवार चाचपून ही तपासणी शिकून घेतली. खाणे म्हणून भिजविलेल्या बाजरीच्या कण्या, मऊ भात, उकडलेले अंडे आणि चिरलेली मेथी अशी योजना केली. डालग्यात थोडी जाड वाळूही ठेविली. कोंबडीला दात नसतात, तिच्या पोटात खडेच दाणे दळतात. चौथीच्या मुलांनी तिचे वजन केले. पहिल्या दिवशी १ किलो २०० ग्रॅम भरले. चौथ्या दिवशी १ किलो ९०. किती घटले, हे गणित त्या दिवशी कोणालाही अवघड गेले नाही, कारण उत्तर काय येते याची प्रत्येकाला काळजी होती.

सर्वांत मोठा शत्रू माशी. उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या पडतात. म्हणून डालग्यावर जाळीचे कापड टाकले, गवत रोज बदलले आणि जखम सकाळ-संध्याकाळ पाहिली. अळी दिसली असती, तर पुन्हा दवाखानाच गाठावा लागला असता.

पाचव्या दिवशी एका मुलाने विचारले, “गुरुजी, बरी झाली तरी एक दिवस कापूनच खाणार ना? मग एवढं कशाला?” वर्गात माळकऱ्यांची मुले होती, तशीच मांस खाणाऱ्या घरांचीही होती. कोणाच्याही घरच्या ताटाला दोष लागू नये आणि प्रश्न टाळलाही जाऊ नये, अशी ती अवघड जागा होती. गुरुजी म्हणाले, “बाळ, तिचे पुढे काय करायचे ते तिच्या मालकिणीने ठरवावे. पण आज ती जिवंत आहे आणि आज तिला दुखते आहे. ते दुखणे आजचे आहे, म्हणून उपायही आजच करायचा.” भारतीय राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली; सजीव प्राण्यांविषयी अनुकंपा बाळगणे हे त्यांतील एक आहे. त्या कलमाचा याहून सोपा अर्थ सांगणे कठीण.

ती मेली असती तर? शुश्रूषा आरंभताना शिक्षकाने ही शक्यता मुलांना सांगून ठेवावी. ‘गुरुजी म्हणाले होते जगेल’ असे वचन कधी देऊ नये. ‘आपल्याकडून होईल ते करू’ एवढेच म्हणावे. जीव वाचत नाही आणि यातना थांबत नाहीत असे दिसले, तर पुढचा निर्णय पशुवैद्यावर सोपवावा. मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा.

एक मर्यादा मात्र कधीच ओलांडू नये. जखमी कोंबडी वेगळी आणि रोगी कोंबडी वेगळी. जखम नसता मान वाकडी होणे, पाय लुळे पडणे, हिरवी विष्ठा होणे ही लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची असू शकतात. त्याला लस हाच प्रतिबंध आहे. आणि वस्तीवरच्या अनेक कोंबड्या एकदम मरू लागल्या, तर मुलांना तेथे फिरकूही देऊ नये. तत्काळ पशुसंवर्धन विभागास कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, हे विसरता येत नाही. धडधाकट कोंबडीला हात लावल्यावरही साबणाने हात धुतलेच पाहिजेत. शाळेत पोषण आहाराची ताटे मांडली जातात.

लुळ्या पायांच्या कोंबड्यांनी जगाला एक मोठे ज्ञानही दिले आहे. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरांनी पाहिले, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला, की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी रोगाचे आणि जीवनसत्त्वांचे कोडे सुटू लागले ते येथून. १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अंगणातल्या कोंबडीकडे लक्षपूर्वक पाहणे हे मोठ्या विद्वानांनाही कमीपणाचे वाटले नाही, हे मुलांना अवश्य सांगावे.

अठराव्या दिवशी जखमेवर नवी कातडी आली आणि तीतून निळसर कोंब फुटले. ही कोवळी पिसे रक्ताने भरलेली असतात. ती ओढल्यास भळभळ रक्त येते, म्हणून मुलांनी ती केवळ पाहावयाची होती. आता तिला कोपीवरच्या इतर कोंबड्यांत सोडावयाचे होते. तेही घाईने करून चालत नाही. कोंबड्यांत मानपानाची एक उतरंड असते. कोणी कोणाला टोचावे, हे ठरलेले असते. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून ही उतरंड टिपली आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. काही दिवस दूर राहिलेली कोंबडी परत आली, की तिला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. आणि रक्ताचा लाल ठिपका दिसला, की साऱ्याजणी तेथेच टोचतात. म्हणून जखम पूर्ण झाकल्यावर तीनचार दिवस तिला जाळीच्या डालग्यात, इतरांच्या नजरेसमोर ठेविले, आणि नंतर एका संध्याकाळी, सगळ्या झोपी जाण्याच्या वेळी, त्यांच्यात सोडले. चोविसाव्या दिवशी वजन १ किलो २४० ग्रॅम भरले. चौथ्या दिवसापासून १५० ग्रॅम वाढ, दिवसाला सरासरी साडेसात ग्रॅम, असा हिशेब फळ्यावर त्या तिसरीतल्या मुलीने मांडला. पाचवीच्या मुलांनी तो तपासला, बरोबर होता.

त्या चोवीस दिवसांत तिची शाळा एकदाही चुकली नव्हती.

पुढे कारखान्याचा पट्टा पडला. कोप्या मोडल्या, बिऱ्हाडे ट्रकवर चढली. स्थलांतर करणाऱ्या मुलांना जे शिक्षण हमी पत्रक द्यावयाचे असते, ते गुरुजींनी भरले आणि त्याबरोबर ती वहीही मुलीच्या हाती दिली. पुढच्या गावच्या शिक्षकाला पत्रकावरून तिची इयत्ता कळेल. वहीवरून ती मुलगी कळेल. ट्रकच्या मागच्या बाजूला, भांड्यांच्या गोणीशेजारी, डालगे बांधलेले होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, कार्यातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी तो मांडला. कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. प्रत्येक शाळेत कोंबडीच यावी असे नाही. पंख मोडलेला पारवा येईल, काटा रुतलेले करडू येईल. त्या दिवशी नियोजनातील पाठ थोडा मागे पडला तरी चालेल. मुलगी आणि कोंबडी दारातून परत गेली, तर मात्र चालणार नाही. शाळेच्या कपाटात साबण, स्वच्छ कापड, कात्री, मीठ आणि एक कोरी वही असावी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ भिंतीवर लिहिलेली असावी. इतकी तयारी असली, तर फळ्यावरचे ते जुने वाक्य मुलांना निराळे समजावून सांगावे लागणार नाही.